नाटकातलं पाणी अन् मायचा गुंड

मंडळी, आत्ताच नातीच्या शाळेतलं पाणी वाचवायचं नाटक पाहून आली. एका पोरानं स्टेजवर बादलीभर खरं पाणी सांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर केले.

मले बहात्तरच्या दुष्काळातलं आमच्या किन्हीराजा गावच्या शाळेतलं असंच नाटक आठवलं. पाणी सांडणाऱ्या बाईचं काम माझं होतं. विहिरीवर नंबर लावून बाया पाण्याचे रिकामे गुंड घेऊनच नाटक पाहाले आल्या होत्या. मी घागर कलती केली अन् माझी माय ओरडली, “अवं, सांडून कायले राह्यली?” थेट शाळेच्या ओट्यावर चढून तिनं धारेखाली गुंड धरला.

गुरुजी हसले. “पाडा पडदा! आता सांगाचं काय राह्यलं?”

आज बादली रिकामी होईपर्यंत कोणीच जागचं हललं नाही. तुमी उठले असते काय?