मोकळ्या रस्त्याची वाट

चिंचपोकळीला आमच्या समोरच्या चाळीत एक फिटर राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. शिवडीच्या भंगारवाल्याकडून त्यानं गंजलेली फ्रेंच सायकल आणली होती, एकट्यानं घड्याळ लावून पळवायच्या शर्यतीतली. गिरणी सुटली की तो तिच्यापुढं उकिडवा बसे आणि साखळीची एकेक कडी रॉकेलनं पुसे. न मिळालेले भाग त्यानं स्वतः घडवले. सायकल तयार झाली, पण भरधाव सोडायला मोकळा रस्ता मिळेना.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी परळपर्यंत रस्ता ओस होता. मी म्हणालो, "आज काढा की सायकल."

"माणसं मेली म्हणून रस्ता मोकळा झालाय," तो म्हणाला. "आज नको."

त्यानं सायकल भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि अंत्ययात्रेला चालत निघाला. मीही त्याच्यामागून गेलो.