चिकटलेली दोन पानं

कूलरमध्ये पाणी पडलं आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर सुटला की मला अजूनही एका जागी बसवत नाही. मला नीट वाचता येत नव्हतं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आई दवाखान्यात होती, आणि दुपारी कूलरसमोर बसून बाबा मला रोज एकच गोष्ट वाचून दाखवायचे. अस्वलाच्या पिल्लाची आई त्याला गुहेत ठेवून मोहफुलं आणायला जाते आणि शेवटी परत येते, अशी ती गोष्ट. त्याच उन्हाळ्यात त्या गोष्टीवर सिनेमा आला. बाबा नको नको म्हणत होते, तरी मी हट्टाने त्यांना सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये नेलं. पडद्यावर पिल्लाने खूप वाट पाहिली, मग ते एकटंच जंगलात निघून गेलं आणि दिवे लागले. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, "बाबा, हे चुकीचं दाखवून राहिले! आई येते ना त्याची!" "बस ना वं, लोक पाहून राहिले," बाबा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. घरी येताच मी पुस्तक काढलं. शेवटचं पान जाड लागलं. दोन पानं डिंकाने चिकटवलेली होती. मी नखाने कोपरा उचलला. बाबा दारात उभे होते, त्यांनी अडवलं नाही. मीच कोपरा पुन्हा दाबून बसवला. आठवड्याने आई घरी आली. काल माझा मुलगा तेच पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "आई, हे पान चिकटलं काहून?" मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले. तो काठोकाठ भरलेला होता.