वसंत संपाताची अंडी

आमच्या दिरांनी शेतात वसंत संपात साजरा केला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी मार्च उजाडला की मला त्यांचा राग येतो. राग पूर्वी सोपा होता. आता त्यात माझाही वाटा आहे, म्हणून तो धड करताही येत नाही.

दीर इंजिनिअर होऊन विलायतेला गेले आणि चार वर्षांनी गोरी बायको घेऊन परत आले, सहा महिन्यांच्या रजेवर. बोरीपासून कोसभरावर आमचं गाव. जाऊ उतरली तेव्हा एसटीच्या टपावरची माणसंसुद्धा खाली वाकून बघत होती. तिच्या देशात म्हणे काही लोकांनी देवळं-बिवळं सोडून जुना धर्म पुन्हा धरला होता. झाडं, ऋतू, सूर्य, असलं काही. दिवस आणि रात्र सारखी होते त्या दिवशी ती माणसं रानात जमतात, बी-बियाणं मांडतात, दिवा लावतात, अंडी रंगवून एकमेकांना देतात. ती बिचारी हे दरवर्षी दोन मैत्रिणींबरोबर गुपचूप करायची. गुपचूप करणं आमच्या दिरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी परभणीच्या चार-पाच शिकल्यासवरल्या माणसांना आमंत्रणं धाडली.

आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या वस्तीवर, आंब्याखाली कार्यक्रम ठरला. "वहिनी, हिवाळा संपून सृष्टी पुन्हा जन्माला येते, त्याचा हा उत्सव," दीर मला समजावत होते. मी त्या वेळी गव्हाच्या काडाची कुसळं पायातून काढत होते. आमच्याकडे कसला आलाय वसंत? होळी झाली की ऊन टाळूत शिरतं, विहीर तळ दाखवते आणि बैल सावली सोडत नाहीत. दुसऱ्याच्या देशातलं बर्फ वितळतं म्हणून आम्ही परभणी जिल्ह्यात आनंद मानायचा, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मामंजींच्याही शिरलं नाही. ते एवढंच म्हणाले, "दिस-रात सारखी व्हायलीय ते बैलालाबी कळतंय. त्याचा सोहळा कशाला करायलाय?"

पण लेक विलायतेहून आलेला. मामंजींनी दोन अटी घातल्या आणि मान्य केलं. आमचं घर माळकरी. कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. तेव्हा अंडं घराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही आणि घरातलं भांडं त्याला लागायचं नाही. गावात कुणी विचारलं तर लेकानं सत्यनारायण घातलाय असं सांगायचं, हे मामंजींनी आपल्या मनानंच ठरवलं. त्यांच्या विठ्ठलाला हे कसं चाललं, देव जाणे.

अंडी बोरीच्या बाजारातून आणायची होती. नेमका कार्यक्रमाच्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून बंद पुकारला होता. बाजार बंद, रस्त्यावर दगड, एसटी जिंतूरलाच अडकलेली. पाहुणे तेवढे आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेले. त्या वर्षांत हे नवं नव्हतं. कुणाची घरं जळाली, कुणी गाव सोडलं, हे आम्ही ऐकत होतो आणि भाकरी थापत होतो. दीर मात्र वैतागले. "एका नावासाठी माणसं भांडतात, आणि इकडे निसर्ग समानता शिकवतोय," असं म्हणाले. त्यांना त्या दिवशी गावकुसाबाहेरून एक तांब्या पाणी भरून आणायला कुणी सांगितलं असतं, तर समानता बरोबर कळली असती. मी हे तोंडावर बोलले नाही. आमच्या घरात सुना तोंडावर बोलत नसत.

मला म्हणाले, "वहिनी, गावातून कुठून तरी दहा-बारा अंडी बघा ना." असं सांगून ते ओट्यावर पाहुण्यांसाठी भाषण लिहायला बसले. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांना लहानपणापासून जमायचं.

कोंबड्या होत्या त्या आमच्या सालगड्याच्या बायकोकडे. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. त्याच्या बापाची मेंढरं होती, ती संपली, मग हा आमच्याकडे राहिला. त्याच्या बायकोच्या कोंबड्या माघ महिन्यात मानमोडीच्या रोगानं पटापट मेल्या. एकच उरली. ती कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली तेव्हा बाईनं घरोघर फिरून चांगली अंडी गोळा केली, उजेडाला धरून पारखली आणि टोपलीत भुसा घालून तिच्याखाली ठेवली. रोज आमच्या अंगणात सांगायची, "मालकीन, आज बारावा दिस. आज पंधरावा." एकविसाव्या दिवशी पिलं निघणार होती आणि तिच्या कोंबड्या पुन्हा होणार होत्या. मी हूं-हूं करायचे. मला त्यातलं काय कळणार?

मला खरोखरच कळत नव्हतं, आणि हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. माहेर माळकरी, सासर माळकरी. बावीस-तेवीस वर्षांच्या आयुष्यात मी अंड्याला हात लावला नव्हता. कोंबडीखालचं अंडं आणि दुकानातलं अंडं एकच, असं मी समजत होते. तिनं दिवस मोजलेले मी ऐकले होते, तरी ते मोजणं कशाचं, हा विचार केला नाही.

तिच्या झोपडीत गेले तेव्हा ती गहू कापायला गेली होती. मी कोंबडीला सुपानं बाजूला सारलं आणि अकरा अंडी पदरात घेतली. वाटलं, संध्याकाळी दोन शेर गहू देऊन टाकू, खूश होईल. अंडी कोमट होती. वाटेत एकात काहीतरी हललं. मला वाटलं, माझाच हात थरथरतोय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आखाड्यावर तीन दगड मांडून, फेकायला काढलेल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात मी ती उकडली. अर्धी हळदीत, अर्धी पळसाच्या फुलांत. जाऊ आली, रंग बघून तिनं माझा हात दाबला. तिला मराठी दहा-बारा शब्द येत होते, त्यातला "सुंदर" ती म्हणाली.

मग भाषण झालं. प्रकाश आणि अंधार यांचा तोल, जीवनाचा पुनर्जन्म. पाहुणे रुमालानं घाम पुसत माना डोलवत होते. ताटात ज्वारी, हरभरा, सरकी मांडलेली. शेवटी दिरांनी एकेक अंडं वाटलं, आणि परभणीच्या एका प्राध्यापकांनी भक्तिभावानं आपलं सोललं.

आत पिलू होतं. चोच, मिटलेले डोळे, अंगाला चिकटलेली लव. सगळं होतं.

प्राध्यापक बांधावर जाऊन ओकले. जाऊ खाली बसली आणि तिनं तोंड हातांनी झाकून घेतलं. दीर एवढंच म्हणाले, "हेही निसर्गचक्रच आहे." इतक्या शिकलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसायचं कुणी शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात सालगड्याची बायको आली. दुपारी कोंबडीला पाणी ठेवायला घरी गेली होती, तिथून तशीच आलेली. कडेवर रिकामी टोपली. तिनं ताट बघितलं, सोललेलं अंडं बघितलं. आरडाओरड केली नाही. "माजी अंडी कुणी आनली?" एवढंच विचारलं.

मामंजी म्हणाले, "घे की पायलीभर गहू." तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी चुलीपाशी होते. सासरे, दीर, परके पुरुष, आणि मी चोरून आणलेली अंडी. वाटलं, कुणीतरी काहीतरी बोलेल आणि हे मिटेल.

जाऊ उठली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या बाईपुढे हात जोडले. "मी," ती म्हणाली. "मी घेतली. माझं चुकलं."

मी तेव्हाही बोलले नाही. गावानं आठ दिवसांत गोरीची भुताळीण केली. तिनं जिवंत पिलं उकडून खाल्ली, अशी गोष्ट वालूरपर्यंत गेली. सासूबाईंनी तिच्यामागे आखाडाभर गोमूत्र शिंपडलं. कुणी माझ्यासमोर ती गोष्ट सांगितली की मीही नाक मुरडायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी खवखव लपवायलाही शिकले. रजा संपण्याआधीच दीर आणि जाऊ निघून गेले.

पाडव्याला सालगड्यानं पुढच्या सालाची बोली केली नाही. मामंजींनी जादा ज्वारी, धोतर-लुगडं कबूल करून पाहिलं. तो खाली मान घालून "न्हाई जमायचं" म्हणाला आणि बिऱ्हाड बैलगाडीत टाकून निघाला. टोपलीवर फडकं बांधून बायको मागे बसली होती. गोरीपायी चांगला गडी गेला, असं मामंजी मरेपर्यंत म्हणत राहिले.

सात-आठ वर्षांनी ती मला जिंतूरच्या बाजारात भेटली. बांगड्या भरून घेत होती. मला बघून उठली, पाया पडू लागली, मी धरलं. लेकरंबाळं विचारून झाल्यावर मी उगाचच म्हटलं, "तेव्हा अंड्यांचं फार वाईट झालं बघ."

"अंड्यापायी न्हाई गेलो आमी," ती म्हणाली. "मला तवाच ठावं व्हतं, मालकीन. त्या गोऱ्या बाईला माजं घर तरी म्हाईत व्हतं का? तुमी सांगितलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आन् राहिले असते."

तिनं हातातल्या नव्या बांगड्या सारख्या केल्या.

"तिला कागद लिवता का तुमी? लिवला तर सांगा, माज्या कोंबड्या झाल्या परत. लय झाल्या. तिला बरं वाटंल."

पत्ता माझ्याकडे होता. अजून आहे. पण तो निरोप लिहायचा तर आधी माझं लिहावं लागलं असतं, आणि ते मी अजून लिहिलेलं नाही.