मेला म्हनू नोका

मूलच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारे आमचे माटीवाले भाऊ. कुणी काउंटरवर मोबाईल आपटून "भाऊ, मेला हा!" म्हटलं, की त्यांचा पारा चढलाच. "मेला म्हनू नोका! याच्यापायी मेलेले दुसरेच आहेत." गिऱ्हाईक बिचारं काच बदलायला आलेलं, ते गांगरून जायचं.

भाऊ मूळचे एटापल्लीकडच्या जंगलातले. त्यांच्या गावात पंडुम केल्याशिवाय, म्हणजे देवाला आधी दाखवल्याशिवाय, नवा आंबाही कुणी तोंडात घालत नाही. मोबाईल उघडण्याआधी भाऊ त्याच्यापुढे चार तांदूळ ठेवायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. मी पडले शाळेतली बाई, अंधश्रद्धेवर दोन शब्द ऐकवायला गेले. तर त्यांनी दुरुस्तीला आलेल्याच एका मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवला. आफ्रिकेतल्या कांगोत मोबाईलमधल्या धातूसाठी माणसं चिखल उकरत होती आणि त्यांच्या डोक्यावर बंदूकवाले उभे होते.

"त्या माटीतून निंगते ते याच्यात बसते, बाई. त्याच पैशानं अजून बंदुका येते. त्या डोंगराले कोनी इचारलं? त्या मानसाईले कोनी इचारलं? आपन तरी इचाराव."

मग मीच त्यांना शाळेत बोलवलं. एका मुलीनं विचारलं, "मंग मोबाईल वापराचाच नाई का?"

"वापर ना माय! पन जुना चालते तवरिक नवा घेऊ नोको. तेवढी माटी तिथी वाचते."

माझा मोबाईल त्यांनी किती वेळा उठवून बसवला, देव जाणे. दर वेळी बजावायचे, "बाई, हा सोडाचा झाला तं आधी मले सांगजा. याचे तुकडे दुसऱ्या दोघा-चौघाईले कामी येतीन." मी शब्द दिला होता.

गेल्या दिवाळीत समोरच्या दुकानावर पाटी लागली, जुना द्या, नवा घ्या. भाऊ तेव्हा चंद्रपूरला दवाखान्यात होते. आले की सांगू, अशी मनाची समजूत घातली आणि जुना देऊन मोकळी झाले. त्यांना भेटायला गेले तेव्हा नवा पर्समध्ये खोल दडवला होता. मेला नेमका तिथंच वाजला!

भाऊंनी बघितलं. "जुना कुठी आहे, बाई?"

मी मान खाली घातली. जगाला ओरडणारा माणूस मला ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. हळूच म्हणाले, "तांदूळ तरी ठेवले होते का?"

"हो," मी खोटंच सांगितलं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

चार दिवसांनी त्याच नव्या मोबाईलवर त्यांच्या लेकीचा फोन आला. भाऊ गेले. मी रडतच उठले, डब्यातले चार तांदूळ आणून मोबाईलपुढे ठेवले आणि हात जोडून तशीच बसून राहिले. तांदूळ ठेवताना भाऊ काय पुटपुटायचे, ते मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.