सलीम टेलरच्या मापाची गाणी

एखाद्या माणसाला एकच नाद असला की त्याचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शिलाई मशीनखाली कतरण साचते तसे ते साचत जातात आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही.

बुलढाण्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून सलीमचं टेलरिंग. शिवणकाम हा त्याचा धंदा, नाद हिपहॉपचा. तेही लग्नात आणि रिंगटोनमध्ये वाजतं ते नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, जो आपल्या खोलीत माईक लावून गाणं करतो आणि इंटरनेटवर टाकून देतो, असाच गाणारा सलीमला लागतो. 'अंडरग्राउंड' म्हणतो तो त्याला. नुसता ऐकत बसला असता तर गल्लीला काही त्रास नव्हता. पण त्याला ते दुसऱ्याला ऐकवायचं असतं.

*

माप घेतल्याशिवाय मात्र तो कोणाला गाणं देत नाही. मी दुकान टाकलं त्याच आठवड्यात त्याच्याकडे पँट कमी करायला गेलो. त्यानं कंबर मोजली, लांबी मोजली आणि विचारलं, "जेवल्यावर झोप येते का?"

"येते."

"भांडन झालं तर बोलता का गप राहता?"

"गप राहतो."

"भावायमंदी कितवे?"

"मधला."

हे सगळं त्यानं मापाच्या वहीत लिहून घेतलं. पँटसोबत मला एका गाण्याचं नाव मिळालं. चांगलं साडेआठ मिनिटांचं. मागे एकच ढोल, अगदी संथ, आणि पुढे कोणीतरी आपल्या भावाशी बोलल्यासारखा बोलतोय. रविवारी जेवण करून लावलं. चौथ्या मिनिटाला आडवा झालो तो संध्याकाळच्या चहालाच उठलो.

दुसऱ्या दिवशी जरा लाजत सांगितलं, "सलीमभाई, मले तं झोप लागली."

"बराबर," तो समाधानानं म्हणाला. "म्हंजे माप बसलं."

पँट दोन बोटं आखूड झाली होती.

*

आमच्यातला तिसरा संदीप. तो बुलढाणा ते मोताळा काळीपिवळी जीप चालवतो. सलीमनं त्याला एक पेनड्राइव्ह भरून दिला आणि बजावलं, "यातलं गानं अर्ध्यात बंद करायचं नाई."

मोताळ्याच्या बाजाराचा दिवस. गाडी गच्च भरलेली. पुढच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर टोपली. गाण्यात एक पोरगा तावातावानं हिंदीत बोलत होता. म्हातारीनं थोडा वेळ ऐकलं आणि संदीपला विचारलं, "हा काऊन भांडून राह्यला?"

"भांडत नाई आजी. गानं हाय ते."

"मंग पहिल्यापासून लाव. मले समजू दे."

राजूर घाट उतरेपर्यंत तिनं ते तीनदा ऐकलं. मग मागे वळून सगळ्या गाडीला समजावून सांगितलं, "याच्या बापाची टपरी उचलून नेली. इचारलं बी नाई कोनी. पोरगं तेच सांगून राह्यलं." मागचे लोक हळहळले. एक जण म्हणाला, आमच्याकडेही असंच झालं. मोताळ्याला उतरताना म्हातारी संदीपला म्हणाली, "त्याले म्हना, नुसतं बोंबलून काई होत नाई. अर्ज कर."

संदीपनं हे सलीमला सांगितलं. सलीमनं त्याच दिवशी इंटरनेटवर त्या गाण्याखाली लिहिलं, 'मोताळ्याच्या बाजाराले जानारी एक आजी म्हनते, अर्ज कर.'

चार दिवसांनी त्या पोराचं उत्तर आलं. 'किया है. दादी को बोलना.'

*

साबळे वकील शिवायला टाकलेला कोट घालून पाहायला आले. बाह्या कच्च्या टाक्यानं लावलेल्या, म्हणून दोन्ही हात पसरून उभे. हलता येत नाही हे पाहून सलीमनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

वकीलसाहेबांनी दोन मिनिटं ऐकलं. "भाषा कोणती ही?"

"मले नाई मालूम."

"म्हणतो काय हा?"

"तेही नाई मालूम. पन दम कुठं घेते ते पाहा."

साहेबांनी परत ऐकलं. तो गडी खरंच एका श्वासात पानभर बोलत होता. साहेबांचा एक ज्युनिअर होता, हुशार, पण न्यायाधीशांसमोर उभा राहिला की अडखळायचा. साहेबांनी ते गाणं त्याला ऐकायला लावलं. त्यानं आठ दिवस सराव केला. रोज दुपारी माझ्या झेरॉक्स मशीनशेजारी उभा राहून पुटपुटायचा.

मग एका प्रकरणात तो उभा राहिला आणि सुटलाच. कलमं, दाखले, अशिलाची अडचण, सगळं एका दमात. न्यायाधीशांनी लिहायचा प्रयत्न केला, मग पेन खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, तुम्हाला नक्की काय हवंय?"

ज्युनिअरनं श्वास घेतला. "तारीख."

*

संदीपच्या चुलत भावाचं लग्न उंद्रीला होतं. वरात निघाली, आम्ही तिघंही नाचत होतो. तेवढ्यात डीजेनं एक गाणं लावलं आणि सलीम जागीच थांबला. तीन वर्षं तो त्या गाण्याची शिफारस ज्याला त्याला करत होता. गिऱ्हाइकांना, मला, एकदा तर गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही. कोणी मनावर घेतलं नव्हतं. आता अख्खी उंद्री त्यावर नाचत होती. नवरदेवाच्या मामालासुद्धा शब्द पाठ होते.

सलीम बाजूला जाऊन एका ओट्यावर बसला. मी मागोमाग गेलो. त्याचं तोंड खरंच उतरलं होतं.

"अबे, तूच तं सांगत व्हता ना सगळ्यायले, हे गानं आयका म्हनून?"

"सांगत व्हतो," सलीम म्हणाला. "पन आयकतीन असं कुठं वाटलं व्हतं मले."

*

सलीमचे वडील, आम्ही सगळेच त्यांना अब्बाजी म्हणतो, पन्नास वर्षं मशीनवर बसले. मग कान गेले. हळूहळू नाही, वर्षभरात पूर्णच. यंत्र लावून पाहिलं, त्यात नुसती खरखर यायची, ते त्यांनी काढून ठेवलं. दुकानात येणं सोडलं. लोक बोलतात आणि आपण नुसतं तोंडाकडे पाहत बसायचं, हे त्यांना सोसेना. घरीही गप्प. सलीमला काही सांगायचं असलं तर तो काळ्या कापडाच्या तुकड्यावर खडूनं लिहायचा.

सगळ्या गल्लीला गाणं देणाऱ्या सलीमनं बापाबद्दल मला एकदाच सांगितलं होतं, "त्यायचं माप कसं घेऊ, समजत नाई."

यंदा ईदच्या आधी कामाची गर्दी झाली. सलीमनं कापडावर लिहिलं, 'काज-बटन बाकी है, हात लगाओ.' अब्बाजी आले. कटिंगच्या फळीपाशी स्टुलावर बसून बटणं लावू लागले. फळीच्या दुसऱ्या टोकाला सलीमचा मोठा स्पीकर होता. तो शर्टाला इस्त्री करत होता, मशीन बंद होती. मी चहा घेऊन गेलो होतो.

सलीमनं एक नवीन गाणं लावलं. मागे फक्त ताल, बारीक, भराभर, न चुकणारा; फळीही त्यासोबत थरथरू लागली. अब्बाजींचा डावा हात फळीवर होता. सुई थांबली. त्यांनी पूर्ण पंजा फळीवर टेकवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं स्टुलाखाली त्यांचा पाय हलायला लागला, मशीनचा पायटा मारल्यासारखा, टाच-चवडा, टाच-चवडा.

सलीमनं इस्त्री उभी केली.

गाणं संपलं तसं अब्बाजींनी डोळे उघडले. मशीनकडे आणि सलीमकडे त्यांची पाठ होती. समोर मी होतो, म्हणून त्यांनी मला विचारलं, "मशीनवर कोन बसलं बाप्पा?"

मी सलीमकडे पाहिलं. त्यानं खडू उचलला, कापड ओढलं, पण काही लिहिलं नाही. तेच गाणं पुन्हा लावलं.

अब्बाजींनी पंजा परत टेकवला. पाय सुरू झाला. "जो कोनी असंल," ते मला म्हणाले, "सलीमले सांग, त्याले जाऊ देऊ नको म्हना. टाका लय बारीक हाय त्याचा."