सुमनबाईंना विचारल्याशिवाय

नवं सॉफ्टवेअर आलं की आम्ही सगळे ते चालवून बघायला धावायचो. मन्मथअप्पा मात्र आधी सर्व्हरवरची ती एक फाईल उघडायचे आणि विचारायचे, "गुमान बसणाऱ्याला काय मिळंल?"

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एकच जावा सर्व्हर होता. प्रवेश, ग्रंथालय, वसतिगृह, सगळ्यांची ॲप्लिकेशनं त्याच्यावरच. ज्याला काही वेगळं हवं, त्यानं ते आपल्या फाईलीत लिहायचं; जो काहीच लिहिणार नाही, त्याला अप्पा उघडायचे त्या सामाईक फाईलीतलं लागू. अप्पा त्या सर्व्हरचे राखणदार. घरचं किराणा दुकान भावावर सोपवून चाळिशीत संगणक शिकलेला माणूस. कपाळाला भस्म, आणि बोलणं अजून दुकानातलंच. "गिऱ्हाईक नुसतं 'चहापत्ती द्या' म्हणलं, तर आपण घरी पितो तीच द्यायची. आमच्या वडलांचं डिफॉल्ट सेटिंग व्हतं ते!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी पुण्याहून नुकतीच शिकून अप्पांच्या हाताखाली आलेली, अंगात नको तेवढी हुशारी. प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर दमायला लागला. अप्पा रजेवर होते. मी त्या फाईलीतला एक आकडा बदलला. कुणी साठ मिनिटं नुसतंच बसून राहिलं, तर सर्व्हरनं त्याला विसरायचं, असं तिथं होतं. मी दहा केलं. मशीन पळायला लागलं. प्राचार्यांनी पाठ थोपटली. मग काय, मी हवेत!

अर्जाच्या शेवटच्या दिवशी अप्पा परत आले. लॅबमध्ये पाटोद्याच्या सुमनबाई बसल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस, चाळिशीत बी.ए.ला नाव घालायला आलेल्या. एका बोटानं अक्षर शोधत तो लांबलचक अर्ज भरायच्या, बटण दाबायच्या, आणि समोर पुन्हा कोरं पान. अप्पा मागं जाऊन उभे राहिले.

"कितव्यांदा भरताय, बाई?"

"चौथ्यांदा. माझंच कायतरी चुकतंय, दादा. आमाला कुठं येतंय हे."

अप्पांनी मला बाहेर बोलावलं. बटण दाबेपर्यंत सर्व्हरच्या लेखी बाई नुसत्याच बसलेल्या; दहा मिनिटं उलटली की तो त्यांना विसरायचा. मी आकड्याचं कबूल केलं, वर मखलाशीही केली, "पण एकाचीसुद्धा तक्रार नाही, अप्पा."

"तक्रार कावून करंल? तिला वाटतंय आपणच अडाणी हाव. पोरी, बोलणारा आपलं करून घेतो. जो बोलत न्हाई, त्याच्यासाठीच तर ही फाईल हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आकडा बदलायचा तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला हवा. म्हणजे बाकीच्यांचे अर्धवट अर्जही पुसले जाणार. प्राचार्य म्हणाले, "आज हात लावू नका. बंद पडला तर जबाबदारी तुमची."

"माझीच हाय की," अप्पा म्हणाले.

मग एकेका खुर्चीमागं जाऊन, "तुमचं होऊ द्या निवांत," म्हणत राहिले. नवीन कुणाला बसू दिलं नाही. बसलेल्यांतला शेवटचा अर्ज दाखल झाला, तेव्हा त्यांनी आकडा साठ केला आणि मशीनवरचा भार हलका व्हावा म्हणून ग्रंथालयाचं ॲप्लिकेशन तेवढ्यापुरतं बंद ठेवलं. सर्व्हर पुन्हा उठला. मुदत पाचपर्यंत होती. सुमनबाईंनी पाचव्यांदा भरायला घेतलं. मी अक्षरं दाखवायला सरसावले, तर अप्पांनी मला हातानंच थांबवलं. "लई हुशारी नको. भरू दे तिचं तिला."

पाचला थोडा वेळ उरला असताना अर्ज दाखल झाला. बाईंनी पडद्यालाच हात जोडले.

त्या संध्याकाळी अप्पांनी आकड्याखाली इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ लिहून ठेवली: सुमनबाईंना विचारल्याशिवाय कमी करू नये.

पुढं मी पुण्याला नोकरी धरली. अप्पा गेल्याचं मला कळलं, तोवर त्यांचे दिवसही होऊन गेले होते. एवढं शिकवलं त्या माणसानं, आणि मला शेवटचं भेटायला जमलं नाही. ती रुखरुख अजून आहे.

मग एकदा कॉलेजातल्या नव्या इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, जुन्या वहीत तुमचा नंबर सापडला. सर्व्हर फार जड चालतोय, तो साठचा आकडा कमी करायचाय. पण खाली काहीतरी लिहिलंय. या सुमनबाई कोण? त्यांना विचारता येईल का?"



"मी विचारलंय त्यांना," मी म्हणाले. "न्हाई म्हणाल्या."