पॅनलवरची काजळी

रायपूरच्या मंडळींनो, सकाळपासून डोकं तापलं आहे, म्हणून लिहून राहिली.

गुढियारीच्या आमच्या छतावर तीन महिन्यांपूर्वी सोलर बसवलं. कोळशाची वीज आपल्याकडून तरी कमी लागावी, एवढंच मनात होतं. पण पॅनलची वीज अर्ध्यावर आली. मले वाटलं, मशीन बिघडली. आज कंपनीवाल्या भैयाले बोलावलं.

त्यानं पॅनलवरून बोट फिरवलं अन् काळं झालेलं बोट मले दाखवलं. "दीदी, मशीन ठीक है. धुलाई कम है."

"परसों ही तो धोया, भैया."

"यहाँ रोज धोना पड़ेगा."

म्हणजे जवळच्या कारखान्यांच्या कोळशाची काजळी मी रोज पुसायची, तेव्हा माझी साफ वीज बनणार.

खरा राग स्वतःचाच आला. या काळ्या धुळीपायी आम्ही कपडे घरात वाळवतो, पापड पंख्याखाली. छतावर काही उघडं ठेवायचं नाही, हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे. तरी पॅनल घेताना हे एकदाही आठवलं नाही. विकणाऱ्यानंही सांगितलं नाही.

बादली घेऊन पुसायला लागली. माझी आठ वर्षांची पोट्टी मदतीले आली अन् पाच मिनिटांत खोकायला लागली. तिले खाली पाठवलं.

कपडे आत घेतले, पापड आत घेतले, आज पोट्टीही आत घेतली. पॅनल तर आत नेता येत नाही. मग ज्यांचा धूर आहे त्यांना, तो आत ठेवा, असं कोणी काहून सांगत नाही?